दोन सेकंदांचं बोंड

कापसाचं बोंड उमलायला पडद्यावर दोन सेकंद लागतात. रानात फूल लागल्यापासून बोंड फुटेपर्यंत दीड-पावणेदोन महिने जातात, पण बियाण्याच्या जाहिरातीत एवढी वाट कोण बघणार? आधी पातं लागतं. मग फिकट पिवळसर फूल, जे दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. ते सुकून गळालं की मागे हिरवं, टणक बोंड उरतं. ते पिकतं, शिवणीशिवणीवर तडकतं, चार-पाच कप्प्यांची टरफलं मागे वळतात आणि आतला कापूस फुगून बाहेर येतो. हे सगळं मी हाताने काढते. कागदाऐवजी टॅब्लेटची काच असते एवढंच.

सेकंदाला चोवीस फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवायचं म्हटलं, तर सेकंदाला बारा चित्रं. दोन सेकंदांच्या बोंडाला चोवीस. त्यातली नाव घेण्यासारखी चार: मिटलेलं, तडकलेलं, अर्धं उघडलेलं, पूर्ण फुललेलं. उरलेली वीस मधली. सगळा जीव त्या मधल्यांत असतो. तडकायच्या आधी बोंड किंचित आकसलेलं दाखवावं लागतं. खरं बोंड आकसत नाही, पण माझं आकसलं नाही तर ते तडकल्याचं डोळ्यांना पटत नाही. टरफल मागे वळताना सुरुवातीला नेट लावून, मग झटक्यात आणि शेवटी थोडं पुढे जाऊन परत जागेवर यायला हवं. कापूस तर त्याहून अवघड. पहिल्या तीन-चार चित्रांत तो ओला, दाबून बसलेला दिसला पाहिजे आणि नंतर त्यात वारा शिरला पाहिजे. वारा काढता येत नाही. फक्त कडा कुठे विरघळवायच्या ते ठरवता येतं.

हे बोंड पाहून गिऱ्हाईक म्हणतं, “मस्त झालंय. पण ताई, दोन सेकंदांचंच तर आहे.”

मला याचा राग येत नाही. त्याने जे पाहिलं तेच तो बोलतोय. सुताराने केलेल्या दारावर रंध्याचा माग राहतो, शिंप्याच्या कपड्याला शिवण दिसते. ॲनिमेशनमध्ये चित्र नीट साधलं की ते पुढच्या चित्रात नाहीसं होतं. पाहणाऱ्याला फक्त हालचाल उरते, आणि हालचाल तर आपोआप होतच असते असं आपल्या सगळ्यांना वाटतं. एखादं मधलं चित्र फसलं की मात्र तेच एक डोळ्यात खुपतं. एका मिनिटाच्या फिल्मला चौदाशे चाळीस फ्रेम, म्हणजे सातशे वीस चित्रं लागतात. ती सातशे वीस चित्रं लपवण्याचे पैसे मी घेते. त्यामुळे या धंद्यात कागदपत्रांना जे महत्त्व आहे ते मला रुक्ष वाटत नाही. पडद्यावर जी मेहनत दिसायची नाही, ती कुठेतरी लिहिलेली असायला हवी. कामाचा कागद हीच तिची दिसण्याची एकमेव जागा.

मी जुन्या जालन्यात राहते. कुंडलिका नदी ओलांडली की नवा जालना, व्यापारी पेठा, पुढे एमआयडीसी आणि तिच्या भट्ट्या. असलं काम मुंबई-पुण्यातच होतं असं इथे अजूनही अनेकांना वाटतं. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण मिरवणाऱ्या गावात सोनं पूर्वी कापसात आणि बाजारपेठेत होतं. आता ते बियाण्यात आणि लोखंडात आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको सुरू केली आणि संकरित बियाण्याच्या नकाशावर जालन्याचं नाव चढलं. पुढे आणखी कंपन्या आल्या. दुसरीकडे भंगार वितळवून सळया ओढणाऱ्या गिरण्या. बियाणं आणि सळई या दोन्ही वस्तूंचा एक गुण माझ्या पथ्यावर पडतो: त्यांचं खरं काम डोळ्यांना दिसत नाही. बी मातीखाली, सळई काँक्रीटच्या पोटात. कॅमेरा तिथे पोचत नाही, तिथे मला बोलावतात.

बियाण्याचं काम आलं की मला हटकून दादासाहेब फाळके आठवतात. 1912 साली लंडनहून परतल्यावर, कॅमेरा हाती आल्यावर त्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं आणि ते उगवून वर येईपर्यंत रोज थोडं थोडं, एकेक फ्रेम टिपत गेले. पडद्यावर ते रोप बघता बघता मातीतून डोकं काढून वाढलं. ‘अंकुराची वाढ’ हे त्या लघुपटाचं नाव. तो तिकीट लावून दाखवण्यासाठी नव्हता. भांडवल देणाऱ्याला पटावं म्हणून केलेला नमुना होता. ते पाहून कर्ज मिळालं, शिवाय पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले, तेव्हा कुठे 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. आज ज्याला आम्ही शोरील म्हणतो ते आपल्याकडे पहिल्यांदा वाटाण्याच्या रोपाने केलं. फाळक्यांनी पुढे 1915 च्या सुमाराला ‘आगकाड्यांची मौज’ केली, त्यात काड्या आपल्या आपण हलतात. त्यांच्याबद्दल लिहिताना सगळे जिद्दीबद्दल लिहितात. मला त्यांची ती कुंडी जास्त भावते. ज्याच्याकडे पैसे मागायचे त्याला आधी दोन मिनिटांत काय दाखवावं, हे त्या माणसाला नेमकं कळलं होतं.

काम येतं ते फोनवरून. “तुम्ही कार्टून बनवता ना?” इथपासून सुरुवात होते आणि दुसरा प्रश्न ठरलेला: “मिनिटाला काय घेता?” मिनिटाचा भाव मी सांगत नाही. फळ्यावर खडूने लिहिल्यासारखी अक्षरं सरकवायचं एक मिनिट आणि बैलजोडी पाभर ओढत चाललीय असं एक मिनिट, यांत महिन्याचं अंतर असतं. आठ पायांची चाल, त्यात दोन बैलांची पावलं एकसारखी पडू द्यायची नाहीत. म्हणून उलट मीच विचारत बसते. फिल्म कुठे दाखवणार? गावोगावच्या शेतकरी मेळाव्यात, गाडीवरच्या पडद्यावर, की मोबाइलवर? मोबाइलवर असेल तर आवाज बंद ठेवूनही कळायला हवी. कधीपर्यंत हवी? बियाण्यावाल्यांचं उत्तर नेहमी एकच, मृगाच्या आधी. मग मी मागे मोजत येते आणि सांगते की चैत्रात ठरलं तर जमेल, वैशाखात नाही. “नाही” हा शब्द पहिल्याच फोनवर खर्च करावा. पुढे तो महाग पडतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: शेवटचा शब्द कुणाचा?

हा शेवटचा प्रश्न लोकांना आगाऊ वाटतो. पण फेट्याची गोष्ट ऐका. एका कामात शेतकऱ्याच्या डोक्यावर टोपी होती. संहिता मंजूर, स्टोरीबोर्ड मंजूर, रंगसुद्धा मंजूर. फिल्म तयार झाल्यावर मालकांच्या काकांनी ती पाहिली आणि म्हणाले, “टोपी कामून? आपल्याकडचा माणूस फेट्यात पाहिजे.” काका बरोबर होते, फेटा दिसलाही छान असता. पण टोपी डोक्याला चिकटून बसते आणि फेटा हलतो. मान वळली की फेट्याचा शेमला दोन फ्रेम मागे राहतो, मग येतो, मग थोडा पुढे जाऊन थांबतो. माणूस वाकला की तो खांद्यावर येतो, आणि सरळ झाला की त्याला परत पाठीवर न्यावं लागतं. शेतकरी ज्या ज्या चित्रात, त्या प्रत्येक चित्रात नवं डोकं. स्टोरीबोर्डवर हाच बदल चहा निवायच्या आत झाला असता. कागदावर काकांचं नाव नव्हतं, मालकांचं होतं. त्यामुळे फेट्याचे वेगळे पैसे ठरले, मुदत वाढली आणि कुणाचा आवाज चढला नाही. काकांनी नंतर मला घरी जेवायला बोलावलं.

तो कागद तीन पानांचा असतो. फिल्म किती लांबीची, किती पात्रं, आवाज कुणी द्यायचा, पायऱ्या कोणत्या. आधी संहिता, मग स्टोरीबोर्ड, मग ॲनिमॅटिक, म्हणजे कच्ची चित्रं आवाजावर बसवून पाहणं, त्यानंतर खरी हालचाल, रंग, शेवटी ध्वनी. प्रत्येक पायरीवर होकार आल्याशिवाय पुढची चढायची नाही, आणि चढल्यावर मागची बदलायची तर पैसे वेगळे. रकमेचे तीन हप्ते: बयाणा आल्यावर पेन्सिल उचलायची, ॲनिमॅटिक मंजूर झालं की दुसरा, आणि स्वच्छ फाइल हातात देण्याआधी तिसरा. तोवर जे पाठवते त्यावर आडवं नाव लिहिलेलं असतं. करेक्शनच्या फेऱ्या दोन. काम मध्येच थांबलं तर तोवर झालेल्या पायरीचे पैसे माझे. मी आजारी पडले तर काय, हेही त्यात आहे. लोक ते वाचून हसतात, पण विश्वास तिथेच बसतो असा माझा अनुभव आहे.

आमच्याकडे होकार येतो तो व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून. त्याहून लांब मजकूर असेल तर तो बोलून पाठवलेला असतो, मागे गाड्यांचे हॉर्न. अंगठ्याचा अर्थ ‘पाहिलं’ असा असतो की ‘पटलं’ असा, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक बोलण्यानंतर मी चार ओळी लिहून पाठवते: आज ठरल्याप्रमाणे बैल पांढरे, शिंगांना शेंदूर, पाटी हिरवी, पुढचं काम अमुक तारखेपासून सुरू. खाली फक्त ‘होय’ लिहून मागते. एवढ्या एका सवयीने जेवढी भांडणं टळली तेवढी रागाने कधी टळली नसती.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, या कागदाचं नवल वाटत नाही. बदनापूर तालुक्यात आमची मोसंबीची बाग आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे वगैरे ठीक, पण बाग विकायची म्हणजे काय असतं ते मी लहानपणापासून बांधावर बसून पाहिलं. आंबे बहाराची बाग. हिवाळ्यात पाणी तोडून ताण द्यायचा, मग पाणी सोडलं की पानांआधी कळी. फळं सुपारीएवढी झाली की व्यापारी चकरा मारायला लागतात. उक्ती बाग द्यायची की टनावर? उक्ती दिली तर पुढची फळगळ व्यापाऱ्याच्या अंगावर, टनावर दिली तर आपल्या. इसार किती? तोडणी कधीपर्यंत? तोडणीचे मजूर कुणाचे? भाव पडला तर व्यापारी महिनाभर फिरकत नाही, फळ झाडावर पिवळं पडतं, आणि मग येऊन म्हणतो, “अण्णा, थोडं समजून घ्या.” अण्णा समजून घेतात, पण वही उघडून. त्या वहीत तारीख, इसार, तोडणीचा शेवटचा दिवस आणि साक्षीला बसलेल्या शेजाऱ्याची सही असते. 2012-13 च्या दुष्काळात या भागातल्या बागाच्या बागा वाळून गेल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं. त्या वर्षी वहीत एकच पान आहे, टँकरच्या हिशेबाचं. करेक्शनची दुसरी फेरी संपल्यावर गिऱ्हाईक जेव्हा “ताई, थोडं समजून घ्या” म्हणतं, तेव्हा मला फळगळीचा प्रश्न ऐकू येतो: ही गळ कुणाच्या अंगावर ठरली होती?

कायद्याचं थोडं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. चित्र मी काढलं म्हणजे हक्क माझा, असं प्रत्येक नव्या पोराला वाटतं. 1957 चा कॉपीराइट कायदा चित्रपटाबाबत वेगळं म्हणतो. कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन फिल्म केली असेल, आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा. म्हणजे गप्प बसलात की दिलंत. म्हणून माझ्या कागदात लिहिलेलं असतं की तयार फिल्म तुमची, पण कच्च्या फाइली माझ्या, आणि पात्र दुसऱ्या जाहिरातीत वापरायचं तर वेगळं बोलू. उलट बाजूने, हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. हे गिऱ्हाइकाच्याही कामाचं आहे, म्हणून त्यांनाही सांगते. दुसरी गोष्ट पैशांची. उद्यम नोंदणी करून घेतली की आपण सूक्ष्म उद्योग. 2006 च्या कायद्याप्रमाणे आपलं बिल लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत काहीही लिहिली तरी 45 दिवसांच्या आत, द्यावं लागतं. लेखी काही नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज. 2024-25 या आकारणी वर्षापासून आयकरातही अशी तरतूद आली की मुदतीत न दिलेलं असं बिल देणाऱ्याला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षीच्या खर्चात धरता येतं. तेव्हापासून मार्च महिन्यात गिऱ्हाइकांचे सीए स्वतःहून मला फोन करतात. कलेचा एवढा आदर मी पूर्वी पाहिला नव्हता.

अर्थात सगळं काम कंपन्यांचं नसतं. तुळशीचं लग्न लागलं की लग्नपत्रिकेच्या व्हिडिओंची रांग लागते: मोर, पालखी, नवरा-नवरीची कार्टूनं. तिथे करार दाखवला तर लोक पाहुणे रुसल्यासारखे बघतात. “आपण घरचेच ना?” घरच्यांसाठी माझ्याकडे तयार साचे आहेत, ठरलेली छोटी रक्कम, सगळी आधी. आणि निवडणुकीच्या प्रचाराचं काम घेते तेव्हाही सगळी आधी, कारण निकालानंतर पडलेला उमेदवार फोन उचलत नाही आणि निवडून आलेला ओळखत नाही. हल्ली कुणी यंत्राने बनवलेला व्हिडिओ पाठवून “हा तर फुकट झाला” असं सुनावतं. झाला असेल. त्यातल्या बैलाला चालताना कधी पाचवा पाय फुटतो; ज्याला चालतं त्याने खुशाल वापरावा.

परदेशातलं काम थोडं वेगळं. न्यू जर्सीतल्या एका मराठी कुटुंबाला आजीच्या गोष्टी नातवंडांसाठी हलत्या चित्रांत हव्या होत्या. तिकडे रात्र तेव्हा इकडे सकाळ, त्यामुळे त्यांचे निरोप मी चहाबरोबर वाचते आणि माझी उत्तरं ते. पहिल्याच पत्रात त्यांनी माझा करार मागितला. इथे जो कागद पुढे करताना जीभ अडखळते, तोच तिकडे नसला तर लोक बिचकतात.

त्या कामात असताना एकदा भोकरदनला गेले होते. जालना जिल्ह्यातलंच तालुक्याचं गाव, जुनं नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत ते नाव कोरलेलं आहे. सत्तरच्या दशकात तिथे उत्खनन झालं तेव्हा हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. ती इटलीत पॉम्पेईच्या राखेत 1938 साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी इतकी जुळते, की पॉम्पेईची मूर्तीही भोकरदनकडच्या कारागिराच्या हातची असावी असं काही अभ्यासक मानतात. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलं. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातून समुद्रापारच्या गिऱ्हाइकाला माल जात असावा. पॉम्पेईच्या त्या वीतभर उंचीच्या बाईच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी आहेत, दागिने बारीक कोरलेले. हत्तीचा दात गिऱ्हाइकाने पुरवला की कारागिराने विकत घेतला? बंदरापर्यंत नेताना मूर्ती फुटली असती तर नुकसान कुणाचं? एखाद्या व्यापाऱ्याने “दासी एकच पुरे” असं मध्येच सांगितलं असेल का? इतिहासाच्या पुस्तकांत हे प्रश्न नसतात. मला मात्र त्या टेकाडावर उभं राहून दुसरं काही सुचत नव्हतं.

मागच्या महिन्यात एमआयडीसीतल्या एका सळईच्या गिरणीचं काम ठरलं. शेठ जुन्या वळणाचे. केबिनमध्ये कॅलेंडर, देवाची तसबीर, टेबलावर कापलेल्या सळईचा तुकडा कागद दाबायला. त्यांनी चष्मा चढवून तिन्ही पानं वाचली, मधल्या पानावर बोट ठेवून म्हणाले, “करेक्शन दोनच?”

“तीन करू. पण तिसऱ्यानंतर दर फेरीचे पैसे.”

“आणि बयाणा आधी?”

“आधी.”

“बरोबर आहे. आमच्याकडं बी पेमेंट आल्याशिवाय गाडी भरत नाही.” त्यांनी सही केली.

मग मी स्टोरीबोर्ड पसरला. बांधकाम चालू असलेलं घर, नुकताच टाकलेला स्लॅब, आतून जाणाऱ्या सळया काचेसारख्या दिसणाऱ्या, कडेला घरातली माणसं उभी. शेठ बराच वेळ बघत राहिले.

“ही बाई नुसती कामून उभी केली? हिच्या हातात पाण्याची नळी द्या. स्लॅबला पाणी मारायला घरातली बाईच असती. आन् कडेनं मातीची आळी करून पाणी साठवलेलं दाखवा, त्याच्याबिगर लोकांना स्लॅब खरा वाटायचा नाही.” मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, “हे करेक्शनमध्ये धरणार का?”

“अजून स्टोरीबोर्डच आहे. नाही धरत.”

“मग बसा,” ते म्हणाले, “सगळं आत्ताच सांगून घेतो,” आणि दाराकडे तोंड करून त्यांनी मुनीमजींना, मुलाला आणि स्लॅबच्या कामातला माणूस म्हणून ड्रायव्हरलाही हाक मारली.